घाट चढण्याआधी मालगाडीचं वजन

मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. शेजारच्या शहापूरच्या वाट्याला मात्र देशातल्या अवघड रेल्वे-घाटांपैकी एक आला आहे. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी मागे टाकत मालगाडी कसाऱ्याला पोचते आणि थांबते. पुढची चढण एकट्या इंजिनाच्या आवाक्यातली नसते. म्हणून मागून रेटा द्यायला जादा इंजिनं लागतात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. १८६५ पासून रेल्वे धावत असलेल्या या थळ घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर येते.

समजा, कोळशाच्या ५८ वाघिणींचा रेक आहे आणि भरलेली प्रत्येक वाघीण ८१ टनांची. एकूण भार ४,७०० टनांच्या घरात जातो. असा रेक या चढावर नुसता तोलून धरायलाच सुमारे १२७ टनांचा जोर लागतो. आता कोळसा पावसात भिजला आणि दर वाघिणीत २ टन वाढले, तर गाडी ११६ टनांनी जड होते. कागदावर मात्र जुनाच आकडा राहतो. उतारावर हे जास्तीचं वजन ब्रेकवर येतं, आणि ते अधिक धोक्याचं.

चालत्या वाघिणी तोलणारे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, पण त्यांवरून गाडी अगदी हळू न्यावी लागते आणि ते ठरावीक ठिकाणीच असतात. दुसरा मार्ग रुळातूनच जातो. चाक वरून गेलं की रूळ किंचित वाकतो, त्याला चिकटवलेल्या ‘स्ट्रेन गेज’चा विद्युतरोध बदलतो आणि संगणकावर उंचवटा उमटतो. रेल्वेची संशोधन संस्था आरडीएसओ आणि आयआयटी कानपूर यांनी घडवलेला ‘व्हील इम्पॅक्ट लोड डिटेक्टर’ असाच चालतो. रुळावर घाव घालणारं, सपाट झालेलं चाक पकडणं हे त्याचं मुख्य काम.

त्या उंचवट्यातून वजन काढणं सोपं नाही. वेग बदलला की आकृती बदलते, उन्हाने रूळ तापतो, झिजलेलं चाक ठोके देतं. मशीन लर्निंगची गरज इथेच पडते. काट्यावर तोललेल्या हजारो वाघिणींचे संकेत आणि त्यांची खरी वजनं जोडीने दिली, की प्रणाली या गोंधळातून वजन वेगळं काढायला शिकते. डावी-उजवी चाकं स्वतंत्र मोजली तर माल एका बाजूला कललाय हेही समजतं. वळणावळणाच्या घाटात ही माहिती फार मोलाची.

परीक्षा मात्र कडक हवी. एकाच रेकच्या काही वाघिणींवर शिकवून उरलेल्यांवर तपासलं, तर यश फुगलेलं दिसतं. वेग, हवा, माल सगळं सारखंच असतं ना! कधी न पाहिलेली अख्खी गाडीच समोर ठेवायला हवी. एप्रिलच्या नोंदींवर शिकलेल्या प्रणालीवर शहापूरच्या जुलैतल्या धुवांधार पावसात डोळे झाकून विसंबता येणार नाही.

भाड्याचं बिल अशा अंदाजावर करू नये, त्याला प्रमाणित काटाच हवा. पण ‘बारावी वाघीण संशयास्पद’ एवढा इशारा कल्याणच्या आसपास मिळाला, तरी ती घाटाआधीच बाजूला काढून तोलता येईल.