हिमनग बघायला जावं का?

(आपटा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



सुरुवात तुमच्या स्टेशनापासूनच करतो. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा शेवट सगळ्यांना आठवत असेल. गाडी सुटते, नायिका धावते. देशभरच्या लोकांनी ते स्टेशन पंजाबातलं म्हणून पाहिलं, आणि होतं आपटा! म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, पण काय पाहिलं ते कळलं नाही. आजचा विषय पृथ्वीच्या टोकाचा असला तरी मुद्दा हाच आहे.

विषय निघाला तो माझ्या एका जुन्या सहकाऱ्यामुळे. निवृत्त माणूस, संसार काटकसरीत केलेला. ते अंटार्क्टिकाच्या सहलीचं माहितीपत्रक घेऊन आले. त्यांच्या मुलीचं म्हणणं, “बाबा, जे वितळतंय ते बघायला जाऊन तुम्ही ते आणखी वितळवणार.” त्यांना ते लागलं. मला म्हणाले, “आयुष्यभर एस.टी.नं फिरलो. एकदाच काही मागतोय. तुम्ही नीतिशास्त्र शिकवलंत ना, सांगा, जावं की नाही?” मी चटकन म्हणालो, “जा की!” आणि रात्री झोप लागेना. कारण उत्तर विचार न करता दिलं होतं.

आधी ही सहल असते कशी ते पाहू. मुंबईहून विमानानं अर्जेंटिनाला जायचं, तिथून अगदी दक्षिणेच्या उशुआया या बंदरात. तिथे जहाजात बसायचं आणि ड्रेकची सामुद्रधुनी ओलांडायची. ही सुमारे आठशे किलोमीटरची, जगातल्या सर्वांत खवळलेल्या पाण्यांपैकी एक. दोन दिवस लागतात आणि बहुतेकांना जहाज लागतं. मग अंटार्क्टिक द्वीपकल्प. जहाज दूर उभं राहतं आणि रबरी होड्यांतून दहा-दहा माणसं किनाऱ्यावर नेतात. पेंग्विन, सील, देवमासे दिसतात. पांढरं अस्वल मात्र तिथे नाही, ते उत्तरेला. माणशी खर्च दहा लाखांच्या पुढे सहज जातो.

नियमही आहेत. १९९१ साली तिथल्या सहल कंपन्यांनी आपली संघटना काढली. एका ठिकाणी एका वेळी शंभरांहून जास्त प्रवासी उतरवायचे नाहीत. पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजानं कोणालाच उतरवायचं नाही. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचं. बूट धुऊन, जंतुनाशकात बुडवून मगच पाय ठेवायचा, कारण बुटाच्या खाचेतलं गवताचं एक बीसुद्धा तिथे परकं आहे. देवळात जाताना पाय धुतात तसंच.

तरीही माणसं वाढली की भार वाढतोच. अलीकडे एका हंगामात एक लाखाहून जास्त पर्यटक जातात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं धुराच्या काजळीचा हिशेब मांडला. काजळी पांढऱ्या हिमावर बसते, काळं ऊन जास्त शोषतं, हिम लवकर वितळतं. जहाजांसकट सगळी वाहतूक धरून एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन हिम लवकर वितळतं, असं त्यात निघालं. म्हणजे त्या मुलीचं म्हणणं नुसतं रागाचं नव्हतं.

यावर कंपन्या म्हणतात, माणूस एकदा ते बघून आला की त्याचा रक्षणकर्ता होतो. युक्तिवाद चांगला आहे. पण तो खरा आहे का? इथे मला माझ्या विषयाकडे वळू द्या.

आपल्याकडे न्यायशास्त्रानं ज्ञानाची साधनं सांगितली, त्यांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियांनी कळणारं. अनुमान म्हणजे खुणेवरून काढलेलं. अनुमानाचं एक जुनं उदाहरण तुमच्या ओळखीचं आहे. नदीला गढूळ, जोराचं पाणी आलं की वर पाऊस झाला असं समजायचं. पाताळगंगेकाठी हे कोणाला शिकवायला नको. खोपोलीकडचा पाऊस तुम्ही पाहिलेला नसतो, तरी तो तुम्हांला ठाऊक असतो.

आता हिमनगाकडे पाहा. तो समुद्राचं पाणी गोठून झालेला नसतो. हजारो वर्षं पडलेलं हिम दाबलं जाऊन जमिनीवर बर्फ होतो, तो हळूहळू किनाऱ्याकडे सरकतो आणि टोकाचा तुकडा समुद्रात तुटतो. त्याचा दहावा हिस्सा फक्त वर दिसतो. तो तुटताना पाहणं थरारक असतं, लोक टाळ्या वाजवतात. पण हिमनग तुटणं हे अंटार्क्टिकाचं रोजचं काम आहे, पूर्वीही ते तुटतच होते. जेवढं हिम वर पडतं त्याहून जास्त तुटतंय आणि वितळतंय का, हा खरा प्रश्न. आणि तो जहाजाच्या कठड्यावरून दिसत नाही. पर्यटकाला दिसतं ते अफाट, शुभ्र, अक्षय्य वाटणारं बर्फ. प्रत्यक्ष त्याला उलटच सांगतं की सगळं ठीक आहे!

ते मोजावं लागतं, आणि वर्षानुवर्षं मोजावं लागतं. या कामात आपली माणसं आहेत. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून भारताची पहिली मोहीम निघाली, २१ जणांची, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत होत्या. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकाला गेलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. आज गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे उणे वीस अंशात बर्फाच्या कांड्या जपून ठेवतात. त्यांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून जुनं हवामान वाचतात. हे सगळं अनुमानच, पण मोजमापाला बांधलेलं.

मोजमाप नसलं तर अनुमानही भरकटतं. लोकमान्यांसारख्या प्रखर बुद्धीच्या माणसानं १९०३ साली वेदांतल्या उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे असल्याचं मांडलं. ध्रुवावरची दिवसेंदिवस चालणारी पहाट त्यांनी इथे बसून मनात उभी केली, केवढी ती कल्पनाशक्ती! पण अभ्यासकांनी तो निष्कर्ष स्वीकारला नाही.

आता आपल्याशी संबंध. सरबताच्या पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला तर पेला भरून वाहत नाही. हिमनगाचं तसंच. पण बाहेरून नवा खडा टाकला तर पातळी वाढते. जमिनीवरचा बर्फ हा तो बाहेरचा खडा. शिवाय तापलं की समुद्राचं पाणी फुगतंही. १९०० पासून जगाचा समुद्र सरासरी सुमारे वीस सेंटीमीटर वर आला आहे. वीतभर!

ही वीत कुठे जाणवते? तुमची पाताळगंगा खाली धरमतरच्या खाडीला मिळते. खाडीकाठच्या खारेपाटात बांध घालून भात पिकवतात. मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं आणि ती जमीन लगेच भात देत नाही. प्रत्येक खांड ध्रुवावरच्या बर्फामुळे पडते असं म्हणणं हे कच्चं अनुमान झालं. बांधाची डागडुजी न होणं, खारफुटी तोडणं ही कारणं आहेतच. पण उधाण ज्या पातळीवरून चढायला लागतं, ती पातळीच वर सरकली आहे, हे पक्कं.

म्हणून मी सहकाऱ्यांना पुन्हा फोन केला आणि पहिलं उत्तर मागे घेतलं. म्हटलं, “पृथ्वीसाठी जातोय असं स्वतःला सांगू नका. तिथे तुम्हांला सौंदर्य दिसेल, संकट दिसणार नाही. तुमच्या आनंदासाठी जायचं असेल तर तो आनंद खोटा नाही, पण त्याचं बिल दुसऱ्या कोणाच्या शेतावर फाटतं, हे माहीत असू द्या.” ते म्हणाले, “म्हणजे नको जाऊ?” मी म्हटलं, “मी गेलो नसतो. पण ठरवायच्या आधी भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला माझ्याबरोबर खारेपाटात चला. मुलीलाही आणा.”

तिघं आले. बांधावर उभं राहून पाणी चढताना पाहिलं. बाप-लेक बराच वेळ काही बोलले नाहीत. एका शेतकऱ्यानं विचारलं, “कुठून आलात बघायला?” सहकारी म्हणाले, “लांबून.” पुढे काय ठरलं ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. ते उत्तर त्यांचं आहे.