कातळातला षटकोन

अंधेरी पश्चिमेच्या इमारतींच्या दाटीत गिल्बर्ट हिलचा काळा कातळ सुमारे २०० फूट सरळ उभा आहे. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आणि अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या खाचा. या खाचा म्हणजे एकमेकांना चिकटून असलेल्या दगडी खांबांच्या हद्दी. खांबाच्या आडव्या छेदाला बहुधा पाच, सहा किंवा सात बाजू असतात. असेच खांब पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला आहेत. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर ‘जायंट्स कॉजवे’ इथं तर सुमारे ४०,००० आहेत. पाथरवटाचा हात लागला नसताना ही भूमिती आली कुठून?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. लाव्हा थिजून दगड झाला, तरी तो धगधगता होता. निवताना तो आकसू लागला. पण भोवतालच्या दगडाशी जखडलेला असल्यामुळे मोकळेपणी आकसायला वाव नव्हता. ताण वाढत गेला आणि खडक तडकला. २०१८ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी आइसलँडचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, तापवला आणि दोन्ही टोकांना पकडून निवू दिला. तो ८४० ते ८९० अंश सेल्सिअसला तडकला. म्हणजे खांब घडू लागतात तेव्हा दगड अजून लालबुंद असतो.

तडा पृष्ठभागावर सुरू होतो आणि आतला भाग निवेल तसा टप्प्याटप्प्यानं खोल उतरतो. प्रत्येक टप्प्याची आडवी खूण खांबावर उरते. आटलेल्या तळ्याच्या चिखलात नवी भेग जुनीला साधारण काटकोनात येऊन मिळते. लाव्हाच्या पृष्ठभागावरही आरंभी तसंच होतं. मात्र पुढच्या प्रत्येक टप्प्यावर भेगा थोड्या सरकतात, आणि तीन भेगांच्या तिठ्यावरचे कोन हळूहळू १२० अंशांकडे झुकतात. खोलवरची रचना वरच्यापेक्षा रेखीव दिसते ती यामुळे.

आता गणित. तिठ्याभोवतीच्या तीन कोनांची बेरीज ३६० अंश, म्हणजे सरासरी कोन १२० अंशांचा. ज्या बहुभुजाच्या कोनांची सरासरी १२० येते तो षटकोन. पंचकोनाची १०८ भरते, सप्तकोनाची १२८ च्या वर जाते. म्हणून मोठ्या पृष्ठभागावर सगळीकडे तिठेच असतील, तर बाजूंची सरासरी सहाच्या आसपास येणारच. एका ठिकाणी पंचकोन आला की दुसरीकडे सप्तकोन येऊन हिशेब पुरा होतो. मला या गणिताचा सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. एकेक खांब अनियमित असू शकतो, नियम पाळते ती त्यांची सरासरी. निसर्गात गणित शोधताना आपण निर्दोष आकृतीच्या मागे लागतो आणि वाकडे नमुने बाजूला टाकतो. इथं ते वाकडे नमुने मोजल्याशिवाय नियम कळतच नाही.

खांबांची जाडी ठरते निवण्याच्या वेगावर: सावकाश निवलं तर जाड, झपाट्यानं निवलं तर बारीक. टोरांटो विद्यापीठात लुकास गोरिंग आणि स्टीफन मॉरिस यांनी याचा अभ्यास केला तो कॉर्नफ्लोअर वापरून. कॉर्नफ्लोअर आणि पाणी सारख्याच प्रमाणात कालवून ते दिव्याखाली वाळवलं की आत काही मिलिमीटर जाडीचे खांब तयार होतात. लाव्हातून उष्णता जाते, इथं पाणी जातं. आकसणं आणि आत उतरत जाणारे तडे मात्र तेच. हा प्रयोग घरी करता येतो. वाळायला काही दिवस द्या, मग वडी हलक्या हातानं मोडा. खांब पृष्ठभागावर दिसत नाहीत, आत सापडतात.

गिल्बर्ट हिल पूर्वी बराच पसरलेला होता. दगडासाठी तो चहूबाजूंनी खणला गेला आणि उरला तो हा सुळका. २००७ मध्ये त्याला वारसा दर्जा मिळाला. बाकीच्या ठिकाणांच्या वाट्याला हे भाग्य येईलच असं नाही. घाटात, खाणीत किंवा रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात असे खांब दिसले, तर बाजू मोजा, फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. सुरुंग लागण्याआधी कळवा.