कॅप शाबूत, मग टवका कशाने उडाला?

रूट कॅनल झाले की दाढेवर कॅप बसवावी लागते. हल्ली अनेक दवाखान्यांत झिर्कोनियाची कॅप सुचवली जाते. दाताच्या रंगाची आणि पोलादासारखी मजबूत, असे तिचे वर्णन ऐकायला मिळते. कुणी दागिना गहाण ठेवून, कुणी बचत गटातून पैसे उचलून ती बसवून घेतो. मग एखाद्या दिवशी फुटाणे खाताना तिचा टवका उडतो आणि घरात एकच बोलणे होते, 'डॉक्टरने फसवले.' दरवेळी तसे नसते. टवका का उडतो हे समजले, तर कॅप बसवण्यापूर्वी काय विचारायचे तेही समजते.

एका कॅपचे दोन थर

झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम या धातूचे ऑक्साइड. १९७५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्याच्याविषयी लिहिले, तेव्हा लेखाच्या मथळ्यातच त्याला 'सिरॅमिक पोलाद?' म्हटले. कारण त्याला तडा जाऊ लागला की तड्याच्या टोकाजवळचे कण किंचित फुगतात आणि तड्याला तिथेच दाबून धरतात.

पण जुन्या पद्धतीचा झिर्कोनिया खडूसारखा पांढराफटक दिसतो. खऱ्या दातातून थोडा प्रकाश आरपार जातो, तसा यातून जात नाही. म्हणून लॅबमध्ये आत झिर्कोनियाची टोपी करतात आणि तिच्यावर पोर्सिलेनची ओली भुकटी ब्रशने लावून भट्टीत भाजतात. दाताचा रंग आणि चमक येते ती या वरच्या थरामुळे. हा थर काचेच्या जातीचा असतो. त्याची ताकद आतल्या झिर्कोनियाच्या साधारण एक दशांशच असते.

निळ्या काठाची पांढरी एनॅमलची थाळी आठवा. ती आपटली की आतला पत्रा फुटत नाही, वरचा पांढरा लेप उडतो. कॅपचेही असेच होते. झिर्कोनिया सहसा शाबूत राहतो, टवका पोर्सिलेनचा उडतो.

टवका उडण्याची कारणे

भट्टीतून बाहेर आल्यावर दोन्ही थर आकसतात. ते जवळजवळ सारखे आकसले पाहिजेत, नाहीतर जोडावर ताण राहतो. म्हणून धातूच्या कॅपवर लावायचे पोर्सिलेन झिर्कोनियावर चालत नाही, त्यासाठी वेगळे पोर्सिलेन मिळते. दुसरे, झिर्कोनियातून उष्णता सावकाश बाहेर पडते. भट्टी घाईने थंड केली तर वरचा भाग गार होतो, आतला गरमच राहतो आणि पोर्सिलेनमध्ये ताण अडकून बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पुढे चावण्याच्या जोराने तिथूनच टवका निघतो.

तिसरे कारण, पोर्सिलेनचा थर एका बाजूला जाड आणि खाली आधार नसलेला असणे. चौथे, कॅप उंच लागते म्हणून दवाखान्यात ती घासली जाते, पण घासलेली जागा पुन्हा पॉलिश होत नाही. अशी खरबरीत जागा समोरचा दातही झिजवते. यानंतर आपल्या सवयी येतात: सुपारी फोडणे, हाड चावणे, दाताने बाटलीचे झाकण उघडणे, झोपेत दात खाणे.

आधी काय विचारायचे?

पहिला प्रश्न, 'कॅप एकसंध झिर्कोनियाची आहे की वर पोर्सिलेनचा थर आहे?' मागच्या दाढेवर चावण्याचा जोर जास्त पडतो. तिथे बहुधा एकसंध कॅप बरी, कारण तिच्यावर उडण्यासारखा थरच नसतो. समोरच्या दातांना रूप महत्त्वाचे, तिथे थर दिलेली कॅप शोभते. दुसरा प्रश्न, 'घासावी लागली तर पॉलिश करून द्याल ना?' तिसरा, 'वॉरंटी कार्ड आहे का, आणि टवका उडाला तर ते लागू होते का?' कार्ड आणि बिल जपून ठेवा. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर आधीच सांगा, रात्री घालायचा गार्ड मिळतो.

पैशाची ओढ असेल तर मागच्या दाढेला पूर्ण धातूची कॅपही उत्तम टिकते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

टवका उडाला तर

घरी फेविक्विक लावू नका. उडालेला तुकडा सापडला तर सोबत न्या. टवका लहान असेल तर डॉक्टर कडा गुळगुळीत करून देतात. मोठा असेल तर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट चिकटवता येते. मात्र पोर्सिलेन चिकटण्याजोगे करणारे ॲसिड झिर्कोनियावर काम करत नाही, कारण त्यात काच नसते. झिर्कोनिया उघडा पडला असेल तर बारीक कणांचा मारा करून तो खरबरीत करतात आणि त्याच्यासाठी असलेले खास प्रायमर लावतात. तिथे थुंकी लागली तर पकड कमी होते, म्हणून जागा कोरडी ठेवून काम करतात. मोठा भाग गेला असेल तर कॅप बदलणेच बरे.

धारदार कड तशीच ठेवू नका. ती जिभेला, गालाला सतत घासते. तोंडातली कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लगेच तपासून घ्या. तंबाखू, मशेरी, गुटखा खाणाऱ्यांनी तर एक दिवसही टाळू नये.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथल्या कृत्रिम दंतशास्त्र विभागात कॅपची तपासणी होते. लॅबचा खर्च वेगळा पडतो का, हे आधी विचारून घ्या. खासगीत कॅप बसवायची ठरवली असेल, तरी पैसे भरण्यापूर्वी इथे एकदा सल्ला घेऊन पाहा.