हाताला बसणारा कॅमेरा

कॅमेरा कोणता घ्यावा असे कुणी विचारले की पूर्वी मी भिंगांवर बोलत असे. आता आधी विचारतो, तुमच्यासमोरचा माणूस तुमच्याकडे बघत असतो का? हा प्रश्न मला १९४६ ते १९४८ या काळातल्या गांधीजींच्या छायाचित्रांवरून सुचला.

१९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी पुण्यात गांधीजींकडे आल्या. आधी सूत कातायला शिका, ही पहिली अट. खोलीत उजेड बेताचा, आणि फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची मुभा. तेव्हाचा बल्ब एकदा पेटला की संपला. दोन प्रयत्न फुकट गेले, तिसरा साधला. चरख्यामागचे ते प्रसिद्ध चित्र तेच. रेखीव, निगुतीने मांडलेले. त्यासाठी बाईंना सरंजामही हवा आणि समोर स्थिर बसलेला माणूसही.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा स्वभाव याच्या नेमका उलटा. फ्लॅशचा त्यांना तिटकारा. ३० जानेवारी १९४८ ला ते गांधीजींना भेटून गेले आणि थोड्याच वेळात हत्येची बातमी आली. त्या संध्याकाळी बिर्ला हाउसच्या फाटकावर नेहरू बोलत असतानाचे त्यांचे चित्र धूसर आहे, दिव्याचा उजेड मध्येच सांडलेला. छोट्या लायकाने तो क्षण मिळवून दिला हे खरे, पण असे चित्र ‘बिघडले’ म्हणून टाकून न देणारा माणूसही लागतो.

होमाई व्यारावाला १९४२ पासून दिल्लीत काम करत होत्या. त्यांच्याकडे स्पीड ग्राफिक होता आणि रोलायफ्लेक्सही. स्पीड ग्राफिकच्या एका होल्डरमध्ये दोनच फिल्मा, दोन बाजूंना एकेक. म्हणजे बटण दाबण्याआधी थांबणे आलेच. रोलायफ्लेक्स पोटाशी धरून वरून काचेत बघायचे, डावे-उजवे उलटे दिसते, रोलमध्ये चित्रे बारा. बघणाऱ्याची मान खाली, त्यामुळे समोरच्यावर डोळा रोखला जात नाही. पुरुष पत्रकारांच्या गर्दीत साडी नेसून वावरणाऱ्या होमाईबाईंना हे वाकणे सोयीचे गेले असावे, असा माझा तर्क आहे. पुरावा नाही.

मी मात्र उलटी चाल केली. तिशीत उसनवारी करून लांब झूमचा एसएलआर घेतला आणि पुण्याच्या तांबट आळीत गेलो. एक म्हातारे कारागीर घंगाळ ठोकत. मी नळकांडे रोखले की त्यांचा हातोडा थांबे, टोपी नीट होई, चेहरा लग्नातल्या फोटोसारखा. चार रोल संपले, हात कुठेच हलत नाही. पुढे मामांचा जुना अ‍ॅग्फा क्लिक थ्री घेऊन गेलो. ‘हे खेळणं कुठून आणलंस रे?’ म्हणून ते हसले आणि कामाला लागले. बारा चित्रांत तीन बरी निघाली. एकात हातोडा हललेला आहे.

ते गेल्यावर घरच्यांनी भिंतीवर लावायला तेच मागून नेले.