वाऱ्याचे गुण

वारा समोरून आला तर उडी मारणाऱ्याचा फायदा होतो की तोटा? हा प्रश्न मला माझ्या आठ वर्षांच्या नातवानं विचारला होता आणि मी साफ चुकीचं उत्तर दिलं होतं.

डिसेंबर 2023 मध्ये आम्ही दोघं लेकीकडे म्युनिकला गेलो होतो. लेक-जावई दोघंही नोकरीला. घरात आम्ही आणि नाताळची सुट्टी लागलेला नातू. त्याची भाषा जर्मन. आमच्या घरातली दखनी त्याला थोडीफार समजते, मराठी त्याहून कमी. तो 'नाना' म्हणून हाक मारी, मी 'हां बेटा' म्हणे, आणि तिथंच आमची गाडी अडे. जन्मभर कविता लिहिलेल्या माणसाजवळ नातवाशी बोलायला शब्द नसावेत, याची मला लाज वाटायची.

29 तारखेला त्यानं टीव्ही लावला आणि मला हाताला धरून समोर बसवलं. पडद्यावर बर्फाचा डोंगर, खाली हजारो माणसं, आणि वरून एकेक माणूस पायाला लांब पट्ट्या बांधून घसरत येतोय. ताशी सुमारे 90 किलोमीटर वेगानं तो कड्यापर्यंत येतो, स्वतःला हवेत झोकून देतो आणि शंभर-सव्वाशे मीटर खाली जाऊन उतरतो. हा खेळ म्हणजे स्की जंपिंग. मी पाहत होतो ती 'चार टेकड्यांची स्पर्धा'. 1953 पासून ती भरते. पहिल्या दोन टेकड्या जर्मनीत, ओबर्स्टडोर्फ आणि गार्मिश-पार्टेनकिर्शेन. पुढच्या दोन ऑस्ट्रियात, इन्सब्रुक आणि बिशोफ्सहोफेन. गार्मिशची स्पर्धा 1 जानेवारीला असते. तिकडे कित्येक घरांत नव्या वर्षाची दुपार या उड्या पाहण्यातच जाते.

ही स्पर्धा एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्या दाखवतात. त्यासाठी जर्मनीतल्या जवळजवळ प्रत्येक घराला महिन्याला 18 युरोंच्या वर वर्गणी द्यावी लागते. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना रेडिओचं लायसन्स आठवत असेल. पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत. तसलाच हा प्रकार.

पहिला तासभर मला वाटत होतं, जो लांब उडेल तो जिंकेल. पण 135 मीटर जाणारा मागे राही आणि 131 वाला पुढे. समालोचक काय सांगतोय ते कळत नव्हतं. मग नातवानं कागद-पेन्सिल आणली आणि आकडे मांडून मला शिकवलं. आकडे दोघांनाही वाचता येत होते.

हिशेब असा. प्रत्येक टेकडीवर एक ठरावीक खूण असते. ओबर्स्टडोर्फला ती 120 मीटरवर आहे. तिथवर पोचलात की 60 गुण. पुढच्या दर मीटरला 1.8 गुण जास्त, कमी पडलात तर तेवढेच वजा. म्हणजे 130 मीटरला 78 गुण. त्यावर पाच पंच उडीच्या डौलाचे गुण देतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 20. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा सोडून मधल्या तिघांची बेरीज धरतात. उतरताना एक पाय पुढे, गुडघे वाकलेले आणि हात पसरलेले हवेत, नाहीतर गुण कापतात.

आणि मग वारा. नातवानं पंजा आडवा धरला, समोरून त्यावर फुंकर घातली आणि भुवया उंचावल्या. मी अंगठा खाली केला. समोरून वारा, म्हणजे अडथळाच की! तो खदखदून हसला. फुंकरीबरोबर त्यानं पंजा वर उचलला. तेव्हा मला येवल्याच्या संक्रांतीचे पतंग आठवले. पतंग समोरच्या वाऱ्यावरच चढतो. उडी मारणाराही तसाच वाऱ्यावर झोपतो आणि वारा त्याला तोलून धरतो. पाठीमागून आलेला वारा मात्र त्याला खाली दाबतो.

म्हणून 2009-10 च्या मोसमापासून टेकडीवर ठिकठिकाणी वारा मोजतात. ज्याला समोरचा वारा मिळाला त्याचे गुण वजा, ज्याला पाठीमागचा सोसावा लागला त्याला जास्तीचे. पडद्याच्या कोपऱ्यात हा आकडा दिसतो. 'प्लस' आणि 'मायनस' हे शब्द आम्हा दोघांनाही ठाऊक होते. आमचं बोलणं त्या दोन शब्दांवर सुरू झालं.

उडताना पट्ट्यांची पुढची टोकं फाकवून इंग्रजी व्ही करायची, ही पद्धत यान बोकलोव्ह या स्वीडिश खेळाडूनं 1980 च्या दशकात आणली. तोवर पट्ट्या समांतर ठेवणं म्हणजे डौल. पंच त्याचे गुण कापत राहिले, तरी 1988-89 चा विश्वचषक त्यानंच जिंकला. आज सगळेच तसे उडतात. आम्हा लिहिणाऱ्यांना अशा गोष्टी ऐकून बरं वाटतं.

नातवाचा हिरो जर्मनीचा आंद्रेआस वेलिंगर. पहिली टेकडी त्यानंच जिंकली. 2002 मध्ये स्वेन हानावाल्डनं चारही टेकड्या जिंकल्या होत्या. त्यानंतर एकाही जर्मन खेळाडूला ही स्पर्धा मिळालेली नव्हती. त्यामुळे सगळ्या देशाचा जीव टांगणीला. पण चारही ठिकाणच्या गुणांची बेरीज होते. जपानचा र्योयू कोबायाशी एकही टेकडी न जिंकता चारही ठिकाणी दुसरा आला, आणि 6 जानेवारी 2024 ला सोनेरी गरुडाचं मानचिन्ह घेऊन गेला. वेलिंगर दुसरा.

नातू रडला. समजूत घालायला माझ्याजवळ जर्मन शब्द नव्हता. मी कागद पुढे ओढला आणि बेरीज पुन्हा करायला घेतली. डोळे पुसत तोही बसला. उत्तर अर्थातच बदललं नाही. पण दोन ठिकाणी माझी बेरीज चुकली, ती त्यानं दुरुस्त केली आणि त्या भरात त्याचं रडणं थांबलं. लेक कामावरून आली तेव्हा आम्ही दोघं आकड्यांत बुडालेलो होतो. "अब्बा, काय बोलताय इतकं?" तिनं विचारलं. काय सांगणार?

माझ्या घरच्या टीव्हीवर ही स्पर्धा दिसत नाही. आता जानेवारीत नातवाचा फोन येतो. तो नाव सांगतो, मीटर सांगतो. मी विचारतो, "व्हिंट?" वाऱ्याला जर्मन लोक असंच म्हणतात. पलीकडून तो ओरडतो, "प्लस, नाना, प्लस!" आणि मी इकडे पेन्सिल शोधतो.