उघड माहितीलाही कुलूप हवं

लोहा तालुक्यातल्या शेतकऱ्याने मोबाइलवर सोयाबीनचा बाजारभाव पाहिला, तर त्यात लपवण्यासारखं काय? मग अशा संकेतस्थळाला एचटीटीपीएस, म्हणजे वाटेत कुणाला वाचता किंवा गुपचूप बदलता न येणारी कूटबद्ध जोडणी, कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. पण तो फक्त गुप्ततेचा विचार करतो. साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवरून येणारं पान वाटेत बदलता येतं. ही नुसती शंका नाही. २०१५ मध्ये एअरटेलच्या थ्रीजी जाळ्यावर ग्राहकांच्या पानांत परकी स्क्रिप्ट घुसवली जात असल्याचं उघड झालं. डेटावापर ग्राहकाला कळावा म्हणून ही चाचणी, असं कंपनीचं म्हणणं होतं. हेतू काहीही असो, पानात हात घालता आला, हे महत्त्वाचं. उद्या भावाचाच आकडा बदलला, तर माल विकायचा की ठेवायचा, हा निर्णय फिरतो.

खर्चाचा आक्षेप आता टिकत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा एचटीटीपीएससाठी लागणारी प्रमाणपत्रं २०१५ पासून फुकट देते. नूतनीकरणाची शिस्त मात्र लागते. बनावट संकेतस्थळालाही प्रमाणपत्र मिळतं, हा आक्षेप अधिक वजनदार, आणि खराही. एचटीटीपीएस मजकुराच्या खरेपणाची हमी देत नाही; त्या पत्त्यावरून निघालं तेच पोचलं, एवढंच सांगतं. पत्त्याची अक्षरं वाचकालाच तपासावी लागतात.