हिवतापाच्या परजीवीचे वेषांतर

सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी दिसला आणि या रोगाच्या प्रसाराचे कोडे उलगडू लागले. दुसरे एक कोडे मात्र दीर्घकाळ तसेच राहिले. गोवर एकदा येऊन गेला की शरीर त्यास सहसा पुन्हा थारा देत नाही. हिवताप मात्र त्याच माणसास पुन्हा पुन्हा गाठतो. असे का व्हावे?

याचे उत्तर प्लाझ्मोडियम फाल्सिपारम या सर्वांत घातक जातीच्या जीवनक्रमात सापडते. हा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरतो, तेथे आपली संख्या वाढवतो आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. अशी ग्रस्त पेशी ताठर बनते. रक्ताबरोबर ती प्लीहेत पोहोचली, तर तेथे गाळली जाऊन नष्ट होण्याचा संभव असतो. म्हणून परजीवी पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन मांडतो. त्याच्या योगे पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीस चिकटून राहते व प्लीहेचा फेरा चुकवते. मेंदूतील रक्तवाहिन्यांत अशा पेशी दाटल्या, तर रोग्याच्या जिवावर बेतते.

परंतु पेशीबाहेर आलेले हे प्रथिन शरीराच्या संरक्षणव्यवस्थेस दिसते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. येथेच परजीवीचे खरे कौशल्य आहे. या प्रथिनाचा आराखडा एकाच जनुकात नसून ‘व्हार’ नावाच्या जनुकांच्या मोठ्या कुटुंबात विखुरलेला आहे, हे १९९५ साली उघड झाले. २००२ मध्ये परजीवीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या १४ गुणसूत्रांवर अशी सुमारे ६० जनुके आढळली. एक परजीवी एका वेळी सामान्यतः त्यांपैकी एकच वापरतो. उरलेली जनुके हिस्टोन प्रथिनांवरील रासायनिक खुणांच्या साहाय्याने घट्ट गुंडाळून केंद्रकाच्या कडेला ठेवलेली असतात. जनुकाचा मजकूर बदलत नाही. कोणते पान उघडे राहणार, एवढेच बदलते.

पुढील पिढ्याही बहुधा तेच पान उघडे ठेवतात. मोजके परजीवी मात्र दुसरे उघडतात. प्रतिपिंडांनी बहुसंख्यांचा नाश केला की हे मोजकेच वाचतात, वाढतात आणि रोगाची नवी लाट येते. साठही रूपे एकदम प्रकट झाली असती, तर शरीराने ती एकाच झुंजीत ओळखली असती. परजीवीचे बळ असे त्याच्या संयमात आहे.

गर्भवतींच्या बाबतीत याचा पुरावा स्पष्ट दिसतो. या कुटुंबातील एका जनुकाचे प्रथिन अपरेस चिकटते. हिवतापाच्या प्रदेशात वाढलेल्या स्त्रीजवळही पहिल्या गर्भारपणात त्याविरुद्धची प्रतिपिंडे सहसा नसतात. पुढील खेपांना ती तयार असतात व संरक्षण वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ व २०२३ मध्ये शिफारस केलेल्या दोन्ही लसी परजीवी रक्तपेशींत शिरण्यापूर्वीच्या अवस्थेवर रोखलेल्या आहेत. वेषांतराचा खेळ त्यानंतर सुरू होतो. तेव्हा एकदा हिवताप येऊन गेला म्हणून कोणीही निर्धास्त राहू नये. पुढचा ताप नव्या वेषात येऊ शकतो. ताप येताच रक्ततपासणी आणि पूर्ण औषधोपचार हाच विवेकाचा मार्ग होय.